वेशीआईची, गुळाच्या खड्याची कहाणी

सगळ्याजणी हातात अक्षता घ्या. ज्यांची लेकरं परत घरी आलीत त्यांनी पुढं बसा, ज्यांची अजून जायचीत त्यांनी मागं बसा. मालतीबाई, फोन पालथा घाला, सून तिकडं सुखरूप आहे. ऐका वेशीआई, तुमची कहाणी.

आटपाट नगर होतं. नगर कसलं बायांनो, एक रस्ता, एक बाजार, एक वेस आणि वेशीबाहेर एसटीचा थांबा. वेशीच्या कोनाड्यात एक देवी होती. तिचं नाव वेशीआई. जाणाऱ्यानं तिला हात जोडावे, येणाऱ्यानं हात जोडावे. जाणाऱ्याला ती अडवीत नसे, येणाऱ्याला ती "का आलास" म्हणून विचारीत नसे.

त्या नगरात एक वाणी होता. त्याचं नाव विसूभाऊ. त्याचं गुळाचं, तेलाचं, डाळींचं दुकान होतं. त्याची बायको सगुणाबाई. सगुणाबाई मनानं लोणी, हातानं सढळ आणि आवाजानं खणखणीत. तिनं माजघरातून हाक मारली की वेशीवरचं कुत्रं उठून उभं राही. त्या दोघांना एकुलती एक लेक होती. तिचं नाव केतकी.

केतकी कापड बेतण्यात मोठी हुशार. खडूची रेघ मारावी, कात्री चालवावी, बोटभर चिंधी वाया जाऊ नये. मग ती मोठ्या नगरीत गेली. कपड्यांच्या कारखान्यात कापायच्या टेबलावर उभी राहिली, लोक तिला कटिंग मास्तर म्हणू लागले. रुपयातले सोळाच्या सोळा आणे हाती येऊ लागले. भाडं भरी, डबा लावी, सणाला आईला साडी पाठवी. सगुणाबाई ती साडी शेजारणींना दाखवी, घडी मोडीत नसे. लेक सुखात आहे म्हणून देवापुढं साखर ठेवी. पण जेवायला बसताना चुकून तिसरं ताट मांडी आणि मग उचलून ठेवी.

पुढं एके दिवशी काय झालं? कारखान्याला कुलूप लागलं. मालकानं हात वर केले. केतकीनं इथं विचारलं, तिथं विचारलं, पलीकडं विचारलं. कुठं जागा नाही. गाठीचं सरलं, भाडं थकलं. मग तिनं सामान बांधलं, आपली कात्री जुन्या रुमालात गुंडाळली आणि एसटीत बसली. वेशीआईला हात जोडले, मान खाली घातली, घरी आली.

सगुणाबाईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. का आलीस म्हणाली नाही, कधी जाणार म्हणाली नाही. "किती गं वाळलीस" म्हणाली आणि डोळे पुसले. त्या दिवशी तिसरं ताट मांडलं, ते उचलावं लागलं नाही.

लेक निजली, उठली, जेवली, पुन्हा निजली. हे चांगलंच झालं. थकलेल्या लेकराला निजू द्यावं बायांनो, त्यात आईचं काही चुकत नाही. चूक पुढं आहे, तिथं मी आवाज चढवीन.

मग सगुणाबाईनं लेकीचं माहेरपण मांडलं. विसूभाऊ म्हणाला, "अगं, तिला अजून सासर नाही, माहेरपण कसलं करतेस?" सगुणाबाई म्हणाली, "मोठी नगरी म्हणजे सासरच ते. राबवून घेतलं, आणि पाठवून दिलं परत." मग काय, रोज तेल, रोज न्हाणं, रोज नवा गोड पदार्थ. केतकी अंगानं भरली, मनानं सावरली. मग तिचे हात शिवशिवू लागले. खुंटीवरच्या कात्रीकडं बघून म्हणाली, "आई, मी आता कामाला लागते."

जिल्ह्याच्या गावी एक कारखाना होता. बारा आणे देत होता. पहिल्या एसटीनं निघायचं, पहिल्या भोंग्याला पोचायचं. केतकीनं उंबरठा ओलांडला. चार पावलं गेली, तोच सगुणाबाईनं मागून हाक मारली. "केतकी, अगं, दूध राहिलं की!" केतकी परत फिरली. दूध कढत होतं, फुंकर घालून प्याली. वेशीवर पोचली तर एसटीची धूळ तेवढी दिसली. कारखान्याच्या मालकानं भोंग्यापर्यंत वाट पाहिली, मग दुसऱ्याला टेबलावर उभं केलं. सगुणाबाई म्हणाली, "बरंच झालं बाई. एवढ्या लांब रोज जाऊन पाठ मोडली असती तुझी."

तालुक्याला शाळेचे गणवेश शिवणारं दुकान होतं. आठ आणे देत होतं. केतकीनं तिथं जागा मिळवली. पहिल्या दिवशी मागून हाक आली, "छत्री घे गं!" केतकी म्हणाली, "आई, आभाळ कुठाय?" सगुणाबाई म्हणाली, "नसलं म्हणून काय झालं, यायला किती वेळ लागतो?" दुसऱ्या दिवशी हाक आली, "रुमाल!" तिसऱ्या दिवशी काही राहिलंच नव्हतं, तरी हाक आली. केतकी धावत परत आली, म्हणाली, "काय गं?" सगुणाबाई म्हणाली, "काही नाही. नीट जा म्हणायचं राहिलं." रोज गाडी चुके, रोज उशीर होई. दुकानदारानं कपाळाला हात लावला आणि रजा दिली.

मग उरला बाजारातला शिंपी. साड्यांना फॉल लावायचे, चार आणे घ्यायचे. तो घरापासून हाकेच्या अंतरावर. आता सगुणाबाईच्या हाकेचं अंतर केवढं, ते तुम्ही ऐकलंच आहे. दुपार झाली की दारात उभी राही आणि तिथूनच ओरडे, "केतकी, चल, भात निवतोय!" गिऱ्हाईक हसे. शिंपी एक दिवस हात जोडून म्हणाला, "ताई, तुम्ही घरूनच करा ना. आम्हाला रोज भूक लागते इथं."

शेजारच्या काशीताईनं सांगून पाहिलं. "सगुणा, कामाला निघालेल्याला मागून हाक मारू नये गं. जुनी माणसं उगाच सांगत नव्हती." सगुणाबाई म्हणाली, "ते परक्यासाठी. आपल्या लेकराला हाक मारायला काय मुहूर्त बघायचा?" काशीताई आपल्या परड्यात निघून गेली.

तुम्ही म्हणाल, लेक तरी परत का फिरे? ती काय कुक्कुलं बाळ होती? तर आईचं मन तिला मोडवत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर बाहेर नकार मिळे, घरात शिरा मिळे. कोणीही घराकडंच वळेल. वळता वळता वळणं अंगात मुरलं. दारातून पाऊल टाकलं की केतकी आपणच थबके, हाकेची वाट बघे.

मग केतकी घरी बसून शिवू लागली. आळीला आनंद झाला. आज हिचा ब्लाउज, उद्या तिचा परकर, परवा तिसरीच्या नातीचं झबलं. पण पैसे कोण देणार? "आपलीच तर मुलगी," म्हणत. "घरच्या मुलीला कसले पैसे द्यायचे, तिला वाईट वाटेल." मग कोणी वाटीभर चिवडा देई, कोणी वाटीभर लोणचं देई, कोणी दोन करंज्या देई. सोळा आण्यांचे बारा झाले होते, बाराचे आठ, आठाचे चार. आता कमाई वाटीवर आली. आणि सगुणाबाईचा नेम ठाऊक आहे ना, शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही. चिवड्याच्या वाटीतून बेसनाचे लाडू जात, लोणच्याच्या वाटीतून श्रीखंड जाई. म्हणजे लेकीनं ब्लाउज शिवावा आणि वर बापाच्या दुकानातलं तूप-साखर जावं. विसूभाऊ वाणी खरा, पण घरापुढं त्याचा तराजू चालत नसे. तो नुसता मिशीवरून हात फिरवी.

झबल्या-परकराला घरातली छोटी कात्री पुरे, कारखान्यातली मोठी कात्री खुंटीवरच टांगलेली राहिली. तिला कडेनं तांबडा डाग चढला.

एके दिवशी सगुणाबाई बाजारातल्या दुकानात जाऊन डाळ निवडीत बसली होती. केतकी आली, बापापुढं उभी राहिली. म्हणाली, "बाबा, फोनचं रिचार्ज संपलंय." विसूभाऊनं लगेच गल्ला उघडला, मोजलं नाही, विचारलं नाही. पण केतकीनं पैसे घेताना वर पाहिलं नाही. सोळा आणे कमावणारी लेक, चार माणसं कामाला लावू शकणारी लेक, भर दुकानात बापासमोर पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. ते सगुणाबाईनं पाहिलं. डाळ हातातच राहिली.

मग ती वेशीआईपुढं गेली नाही, घरातूनच हात जोडले. म्हणाली, "आई, मी लेकीला काय कमी केलं? दूध दिलं, तूप दिलं, माया दिली. तरी ही वाळतेच आहे. माझ्या लेकीची कमाई कोणी खाल्ली, त्याला माझ्यापुढं उभं कर."

वेशीआईनं ते ऐकलं. तिला हसू आलं. मग तिनं काय केलं? म्हातारीचं रूप घेतलं, ठिगळाचं लुगडं नेसली, हातात काठी घेतली, सगुणाबाईच्या दारी आली. म्हणाली, "बाई, भूक लागलीय."

सगुणाबाईनं पाट मांडला, पान वाढलं, वरण-भातावर तूप वाढलं. म्हातारी जेवली, तृप्त झाली. म्हणाली, "बाई, येते मी. वेशीवर दिवेलागणीला पोचायला हवं, माझी माणसं वाट बघतील." उंबरठा ओलांडला, चार पावलं गेली.

सगुणाबाईनं हाक मारली. "आजी, अहो, पाणी प्यायचं राहिलं!"

म्हातारी परत आली, पाणी प्याली, निघाली. आठ पावलं गेली.

सगुणाबाईनं हाक मारली. "आजी, वाटेत खायला दोन दशम्या देते, थांबा!"

म्हातारी परत आली, दशम्या घेतल्या, पदरात बांधल्या, निघाली. पारापर्यंत गेली.

सगुणाबाईनं हाक मारली. "आजी, अहो आजी!"

म्हातारी परत आली. धापा टाकीत म्हणाली, "आता काय गं?"

सगुणाबाई म्हणाली, "काही नाही. सांभाळून जा म्हणायचं राहिलं."

म्हातारी ओट्यावर मटकन बसली. काठी बाजूला टाकली. आधी चिडली, मग हसू लागली, हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. म्हणाली, "अगं बाई, मी दुपारची निघालेय आणि अजून तुझ्या दारातच आहे! माझे पाय काय आज फिरतायत? जन्म गेला वाटेवर, कोणाच्या हाकेला कधी वळले नाही. पण तुझ्या हाकेत काय आहे कोण जाणे, तिन्ही वेळा पाय आपोआप मागं फिरले. माझी ही गत, तर तुझ्या पोटच्या लेकीची काय गत होत असेल?"

सगुणाबाई उभी होती ती खाली बसली. एसटीची धूळ आठवली, छत्री आठवली, निवणारा भात आठवला. म्हणाली, "आजी, म्हणजे लेकीची कमाई मीच खाल्ली?"

म्हातारी म्हणाली, "खाल्ली नाहीस गं. मायेनं मागं ओढलीस. थकलं म्हणून परत आलं, त्यात लेकराचं पाप नाही. जवळ घेतलंस, त्यात तुझं पाप नाही. पण निघायची वेळ आली की पदर सोडावा."

सगुणाबाईनं पाय धरले. तेव्हा त्या पायांना लागलेली वेशीवरची तांबडी माती दिसली, अंगठ्याला वाहिलेलं कुंकू दिसलं, आणि ही कोण ते तिला कळलं. म्हणाली, "आई, मला यावर वसा सांगा."

देवी म्हणाली, "तुला कशाला हवा वसा? उद्या मोह होईल, परवा तोंड उघडशील, तेरवा वसा माळ्यावर टाकशील."

सगुणाबाई म्हणाली, "मोहाला बळी पडणार नाही, तोंड उघडणार नाही, वसा माळ्यावर टाकणार नाही."

मग देवीनं वसा सांगितला. नीट ऐका, घरी गेल्यावर मला फोन करून विचारू नका.

"लेकरू परत घरी आलं म्हणजे हा वसा घ्यावा. आधी पोटभर खाऊ घालावं, डोळाभर निजू द्यावं, काही विचारू नये. मग त्याचे हात शिवशिवले की सकाळी उंबरठा सारवावा, हळदकुंकू वाहावं. लेकराच्या तळहातावर दही घालावं. लेकरानं 'येते' म्हणावं. आपण गुळाचा खडा तोंडात धरावा. खडा विरेपर्यंत बोलू नये, मागून हाक मारू नये. शेजारची वाटी रिकामी पाठवू नये, पण लेकराची मेहनत वाटीत घेऊ नये. लेकराच्या पहिल्या कमाईचा गूळ आणावा, मला दाखवावा, सगळ्यांना वाटावा."

असं म्हणून वेशीआई उठली, निघाली. सगुणाबाईनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. देवीनं वळून पाहिलं नाही, पण मागून तिचे खांदे हसताना हलत होते.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाईनं उंबरठा सारवला, दही घातलं, गुळाचा खडा तोंडात टाकला. पण सवयीनं सुपारीएवढाच घेतला. केतकी पारापर्यंत जाते न जाते, खडा विरला. तोंड मोकळं झालं. "केतकी, पोळीचा डबा—" आणि मग जीभ चावली. वसा पहिल्याच दिवशी मोडला. देवापुढं नाक घासलं आणि मोठ्यानं म्हणाली, "अहो, उद्यापासून मोठा खडा लागेल."

विसूभाऊ दुकानाला निघता निघता म्हणाला, "ढेपच आणून ठेवतो घरात." रोज सकाळी तो ढेप फोडी आणि विचारी, "आज केवढा? पारापर्यंतचा देऊ की वेशीपर्यंतचा?" सगुणाबाई डोळे मोठे करी, कारण बोलता येत नसे. विसूभाऊला ते आवडे. इतक्या वर्षांत सकाळी त्या घरात पाखरांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला, असं तो गिऱ्हाइकांना सांगे.

केतकी पुन्हा शिंप्याकडं गेली. चार आणे मिळू लागले. पहिले काही दिवस चार पावलं गेली की थबके, मागं बघे. दारात आई उभी, गाल फुगलेला, डोळे भरलेले, तोंड मिटलेलं. केतकी हसे आणि पुढं चालू लागे. मग थबकणं सुटलं.

आळीतली एक बाई ब्लाउजपीस आणि वाटीभर शेव घेऊन आली. सगुणाबाईनं शेव घेतली, वाटीत लाडू घातले, वाटी परत दिली. म्हणाली, "हे आपलं शेजारपण. आता ब्लाउजची शिलाई काय ती केतकीला विचारा, ती सांगेल." बाईचं तोंड जरा आंबट झालं. पण केतकीनं ब्लाउज असा बेतला की बाई आरशापुढून हलेना. शिलाई दिली, वर दोन गिऱ्हाइकं आणली. मग तालुक्याच्या गणवेशवाल्यानं निरोप धाडला, "आता वेळेवर येत असलात तर या." केतकी वेळेवर गेली. चाराचे आठ झाले. खुंटीवरच्या कात्रीचा तांबडा डाग तिनं घासून काढला, पात्यांना तेल दिलं.

आणि मग नदीपलीकडच्या मोठ्या गावाहून बोलावणं आलं. नवा कारखाना, नवी टेबलं. कटिंग मास्तर हवी होती. सोळा आणे देऊ म्हणाले. अट एवढीच, ठरल्या वेळी यावं आणि आपल्या हातातल्या कात्रीनं कापून दाखवावं. कापणाऱ्याचा हात आपल्याच कात्रीवर बसलेला असतो, दुसऱ्याची कात्री दिली तर रेघ हलते.

तो दिवस उजाडला. केतकी सामान घेऊन निघाली, आता राहायला तिकडंच. सगुणाबाईनं उंबरठा सारवला, तळहातावर दही घातलं. दही मनगटावर ओघळलं. केतकी म्हणाली, "येते आई." सगुणाबाईनं लिंबाएवढा खडा तोंडात कोंबला आणि नुसती मान हलवली. लेक बाजाराच्या वाटेनं गेली, दुकानात बापाला नमस्कार करायला थांबली. सगुणाबाई आत वळली आणि पाहते तर काय, खुंटीवर रुमालात गुंडाळलेली कात्री तशीच!

बायांनो, आता सांगा काय करायचं? केतकी अजून हाकेच्या टप्प्यात होती. एक हाक मारली असती तर लेक वळली असती. पण मागून हाक मारायची नाही, वसा घेतलाय. न मारावी तर कात्रीवाचून लेक जाणार, रेघ हलणार, सोळा आणे जाणार, पुन्हा बापापुढं अंगठ्यानं जमीन उकरणार. सगुणाबाईनं दारात जाऊन श्वास घेतला. गुळाचा खडा गालात तसाच, विरता विरेना. थुंकावा तर देवीचा, गिळावा तर घशात अडकायचा.

मग तिला देवीचे शब्द आठवले. मागून हाक मारू नये, म्हणाली होती. समोर जाऊ नये, असं काही म्हणाली नव्हती.

तिनं कात्री उचलली, पदर खोचला, पायात सापडल्या त्या चपला सरकवल्या, एक स्वतःची, एक विसूभाऊची. मागच्या दारानं निघाली. ही बाई कधी एकटी पारापलीकडं गेली नव्हती. ती काशीताईच्या परड्यातून गेली, माळ्याच्या केळीतून गेली, ओढ्यातल्या दगडांवरून गेली. काशीताई म्हणाली, "सगुणा, अगं कुठं निघालीस?" उत्तर नाही. माळी म्हणाला, "वहिनी, काय झालं?" उत्तर नाही. ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायका म्हणाल्या, "सगुणाबाई आणि गप्प? आज सूर्य कुठं उगवलाय?" त्यालाही उत्तर नाही. नुसती पळत राहिली.

केतकी बाजाराच्या वाटेनं वेशीवर आली, तो कोनाड्यापुढं आई उभी. केस सुटलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, गाल फुगलेला. केतकी म्हणाली, "आई! तू इथं? काय झालं? बोलत का नाहीस?"

सगुणाबाईनं गालाकडं बोट दाखवलं. मग रुमाल सोडला. कात्री हातातून हातात देऊ नये, भांडण होतं म्हणतात, म्हणून तिनं ती वेशीआईच्या पायरीवर ठेवली आणि दोन पावलं मागं सरली.

केतकीनं पायरीवरची कात्री पाहिली. आईच्या भिजलेल्या पायांतल्या दोन तऱ्हेच्या चपला पाहिल्या. तिला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. कात्री उचलून कपाळाला लावली, आईच्या गळ्यात पडली. सगुणाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा फिरवून तिला हळूच पुढं ढकललं. मग पदराच्या गाठीतला गुळाचा एक खडा काढून लेकीच्या हातावर ठेवला आणि आल्या वाटेनं परत निघाली.

एसटी यायची होती. केतकी थांब्यावर उभी राहून बघत राहिली. आई ओढ्याकडं उतरत होती. पाठ जरा वाकली होती. ती कधी वाकली, ते केतकीला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं आईनंच तिला पाठमोरी पाहिलं होतं, तिनं आईला पाठमोरी कधी पाहिलंच नव्हतं. विसूभाऊची चप्पल मोठी, ती दर पावलाला निसटत होती. केतकीच्या घशाशी हाक आली. आई, सांभाळून गं. आई, जरा थांब. आई.

तिनं गुळाचा खडा तोंडात टाकला.

एसटी आली. केतकी चढली. शेजारच्या बाकावर एक म्हातारी बसली होती, ठिगळाचं लुगडं, हातात काठी, पदरात दशम्या. म्हणाली, "काय खातेस गं पोरी?" केतकीला बोलता येईना, तिनं गालाकडं बोट दाखवलं. म्हातारीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "विरू दे सावकाश. वाट लांब आहे." पुढच्या थांब्यावर केतकीनं पाहिलं तर बाक रिकामा.

मग केतकी नदीपलीकडं गेली, टेबलापुढं उभी राहिली, खडूची रेघ मारली, कात्री चालवली. बोटभर चिंधी वाया गेली नाही. सोळा आणे मिळाले, पुढं अठराचा मान मिळाला.

पहिला पगार घेऊन ती सणाला आली. आधी बापाच्या दुकानात गेली. म्हणाली, "वाणीबुवा, गूळ द्या." विसूभाऊनं गूळ जोखला, पुडा बांधला. केतकीनं पैसे पुढं केले. वर पाहून, बापाच्या डोळ्याला डोळा देऊन पुढं केले. विसूभाऊ नको म्हणाला नाही. पैसे मोजून घेतले, गल्ल्यात टाकले आणि गिऱ्हाइकांकडं पाठ करून उगाच डाळींची पोती नीट लावू लागला. तो गूळ वेशीआईला दाखवला, आळीत वाटला. काशीताईला वाटीनं दिला, काशीताईनं ती वाटी रिकामी पाठवली नाही.

तेव्हापासून केतकी जाई तेव्हा सगुणाबाई खडा धरी आणि गप्प उभी राही. पण केतकी येई तेव्हा वेशीवर उतरताच, देवीला हात जोडताच, तिथूनच हाक मारी, "आई, आले गं!" आवाज अगदी आईचा. माजघरात सगुणाबाईच्या हातातलं पीठ तसंच राही, ती दारात धाव घेई, आणि वेशीवरचं कुत्रं उठून उभं राही.

वेशीआई, जशी तू सगुणाबाईला पावलीस, तशी तुम्हा-आम्हा सगळ्यांना पाव. आलेल्या लेकरांचा शीण जावो, निघालेल्यांची गाडी न चुको, आणि आपली हाक आपल्याला गोड करून गिळता येवो. साठ हाकांची ही कहाणी, गुळाच्या पाच खड्यांत विरली, सुफळ संपूर्ण. आता अक्षता वाहा, आणि मालतीबाई, करा आता सुनेला फोन.